आवाज नेमका कुठे अडला? लिनक्स आणि साउंड कार्ड: वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालात आवाजाच्या तक्रारी इतक्या आल्या की अख्खं सदर त्यांनाच दिलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे स्पेलिंग चुकू शकतं तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला जुना डेस्कटॉप आहे, त्यात लिनक्स मिंट आहे. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीचा टीव्ही एचडीएमआय वायरने जोडला होता, आवाज टीव्हीतून खणखणीत आला. टीव्ही परत गेला आणि तेव्हापासून स्पीकर मुके. मुलांना कविता ऐकवायच्या कशा? तालुक्याच्या दुकानात नेला तर म्हणाले, लिनक्सला साउंडचा ड्रायव्हर भेटत नाही, विंडोज टाकून घ्या. ड्रायव्हरची सीडी कुठे मिळेल? — एक शिक्षिका, राळेगाव तालुका

उत्तर: मॅडम, सीडी शोधू नका आणि वर्गणीचा एक रुपयाही विंडोजवर घालवू नका. तुमचा ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारा प्रोग्राम, जागेवर आहे. टीव्हीतून आवाज आला, हाच त्याचा पुरावा. एचडीएमआय आणि डब्याच्या मागचा हिरवा जॅक, बहुतेक संगणकांत दोन्हींचा ड्रायव्हर एकच असतो: एसएनडी-एचडीए-इंटेल. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या मदरबोर्डलाही हाच चालतो.

मदरबोर्डसोबत आलेली सीडी घालायची, ही विंडोजवाल्यांची जुनी सवय. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासोबतच, येतात. आवाजाची अल्सा ही व्यवस्था यारोस्लाव्ह किसेला याने १९९८ मध्ये सुरू केली, आणि डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आलं तेव्हापासून ती कर्नलचाच भाग आहे. म्हणून लिनक्सवर आवाज गेला की माझा पहिला प्रश्न असतो, आवाज कुठे अडला? ड्रायव्हर नसेल, ही शंका सगळ्यात शेवटी.

टर्मिनल उघडा आणि एप्ले (ए-पी-एल-ए-वाय), मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून छोटा एल, असं टाइप करा. कर्नलला दिसलेल्या साउंड कार्डांची यादी येईल. तुमच्याकडे बहुधा 'कार्ड शून्य' आणि 'कार्ड एक' अशी दोन कार्डं दिसतील. एकाच्या ओळीत एचडीएमआय, दुसऱ्याच्या ओळीत ॲनालॉग. काही मशीनवर कार्ड एकच असतं आणि दोन्ही वाटा त्यातच दिसतात. ॲनालॉगची ओळ दिसली की ड्रायव्हरचा विषय संपला. एकही कार्ड दिसलं नाही, तरच बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ बंद तर झाला नाही ना, ते पाहा.

आता मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' घ्या. प्रोग्रामचा आवाज कार्डापर्यंत पोचवायचं काम मिंट २२ पासून आत पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर करतं, तरी हे साधन तसंच चालतं. त्याच्या शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबवर प्रत्येक कार्डापुढे एक प्रोफाइल असतं. माझा अंदाज आहे की तिथे अजून एचडीएमआयचंच प्रोफाइल निवडलेलं आहे, किंवा ॲनालॉग कार्डापुढे 'ऑफ' आहे. त्या दिवशी कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही निवडला असणार, आणि ही निवड संगणक लक्षात ठेवतो. तिथे 'ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स' करा. मग 'आउटपुट डिव्हाइसेस' टॅबवर त्याच्यासमोरच्या हिरव्या खुणेवर क्लिक करा, म्हणजे तेच कायमचं ठरेल.

तरीही शुकशुकाट असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवा. पहिल्या पडद्यावर बहुधा एकच उभा पट्टा दिसतो, तो पाहून 'सगळं बरोबर आहे' म्हणून बाहेर पडू नका. एफ सहा दाबून खरं ॲनालॉग कार्ड निवडा, मग मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम असे बरेच पट्टे येतील. पट्टा वरपर्यंत भरलेला असला तरी त्याच्या तळाच्या चौकोनात एमएम अशी दोन अक्षरं असली, तर ती वाट बंद आहे. बाणाने त्या पट्ट्यावर जा आणि एम दाबा. एमएमच्या जागी हिरवी दोन शून्यं येतात आणि वाट उघडते. मास्टर आणि फ्रंट दोन्ही उघडे हवेत. बाहेर पडून सुडो अल्साकंट्रोल स्टोअर चालवा (दुसरा शब्द ए-एल-एस-ए-सी-टी-एल), म्हणजे बंद-चालू केल्यावरही मांडणी टिकते.

एवढं करायच्या आधी स्पीकरची पिन मागच्या हिरव्या जॅकमध्येच आहे ना, तेही पाहून घ्या. टीव्हीच्या धावपळीत ती निळ्यात गेली असेल तर निळा जॅक बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी असतो, त्यातून स्पीकर वाजणार नाहीत. आणि दुकानदाराचं समाधान करायचं असेल तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून संगणक त्याच्यासमोर सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता त्यात आवाज आला, तर कार्डही धड आणि ड्रायव्हरही धड.

प्रश्न: लॅपटॉपला हेडफोन लावलेला नाही, तरी वर हेडफोनचंच चिन्ह दाखवून राहिला. स्पीकरमधून काहीच नाही. ड्रायव्हर दोनदा काढून टाकला. — जिनिंगमध्ये काटा सांभाळणारा एक तरुण, हिंगणघाट

उत्तर: भाऊ, ड्रायव्हर आता तिसऱ्यांदा काढू नका. जॅकच्या आत एक बारीक पत्ती असते, पिन घातली की ती सरकते आणि साउंड चिपला 'हेडफोन आला' असं कळतं. जिनिंगच्या हवेत कापसाचे तंतू उडतच असतात. त्यांचा बोळा त्या पत्तीपाशी बसला, की पिन नसतानाही चिपला ती असल्याचा भास होतो आणि स्पीकर बंद होतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तंतू ओढून काढा, हवेचा पंप असेल तर जरा लांबून फुंकर मारा. सुई किंवा पिन आत घालू नका, पत्ती वाकली तर जॅकच बदलावा लागेल. तोवरची सोय म्हणून अल्सामिक्सरमध्ये उजवीकडे शेवटी 'ऑटो-म्यूट मोड' असतो, तो 'डिसेबल्ड' करा. बऱ्याच लॅपटॉपवर लगेच स्पीकर बोलू लागतात.

प्रश्न: मी झाडीपट्टीच्या नाटकात साउंड पाहतो. नवीन लॅपटॉप घेतला, त्यात डेबियन लिनक्स टाकलं, तर आउटपुटमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसतं. सीझन तोंडावर आहे. दुसरं म्हणजे जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक इफेक्टची सुरुवात कापली जायची. मंदिराची घंटा वाजवली की पहिला टोलच गायब. — वडसा येथील एक साउंडवाले

उत्तर: तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी उघडलं. रात्रभर चालणाऱ्या नाटकात घंटेचा टोल चुकला तर नटाचं अख्खं वाक्य हवेत राहतं, आणि मंडपातल्या शेवटच्या माणसालाही ते कळतं.

आधी 'डमी आउटपुट'. याचा अर्थ पाइपवायरला एकही खरं कार्ड मिळालं नाही, म्हणून त्याने खोटं उभं केलं. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम एका वेगळ्या डीएसपी चिपकडे असतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण त्या चिपमध्ये भरायचं फर्मवेअर, म्हणजे चिपचा स्वतःचा प्रोग्राम, वेगळ्या पॅकेजात येतं. डेबियनमध्ये त्या पॅकेजाचं नाव फर्मवेअर-सॉफ-साइन्ड, सॉफ म्हणजे एस-ओ-एफ. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळतं. त्याआधीच्या आवृत्तीत ते हाताने टाकावं लागतं. तेव्हा आवृत्ती तपासा. सुडो डीमेसेज (दुसरा शब्द डी-एम-ई-एस-जी) चालवून त्यात एस-ओ-एफ हा शब्द शोधा. फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशी तक्रार तिथे दिसली, की दुखणं हेच. गावात वायफाय नसलं तरी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा आणि पॅकेज टाका. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

डीएसपी वगळून जुन्या पद्धतीने कार्ड चालवायचा एक पर्याय काही जण सुचवतात: एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी या मॉड्यूलला (कर्नलच्या सुट्या भागाला) डीएसपी-ड्रायव्हर बरोबर एक असं सांगायचं. स्पीकर त्याने चालू होऊ शकतात, पण लॅपटॉपच्या आतला डिजिटल माइक मग सहसा चालत नाही. फर्मवेअर मिळत असताना मी या वाटेला जाणार नाही.

आता कापल्या जाणाऱ्या घंटेबद्दल. काही सेकंद काहीच वाजलं नाही की वीज वाचवायला साउंड चिप झोपते. तुम्ही घंटा सोडता, ती जागी होते, तेवढ्यात पहिला टोल निघून जातो. एसएनडी-एचडीए-इंटेलला पॉवर-सेव्ह बरोबर शून्य असा पर्याय देता येतो. त्यासाठी ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी मध्ये नवी फाइल करून एक ओळ लिहायची: ऑप्शन्स, मग मॉड्यूलचं नाव, मग पॉवर (खालची रेघ) सेव्ह, बरोबरचं चिन्ह, शून्य. फाइलच्या नावाशेवटी डॉट-कॉन्फ हवं. पण पाइपवायरसोबत चालणारा वायरप्लंबरही आपल्या परीने रिकामं कार्ड पाच सेकंदांनी मिटवतो, आणि त्याची सेटिंग आवृत्तीगणिक बदलते. म्हणून प्रयोगाच्या रात्रीसाठी खात्रीचा उपाय सांगतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये दहा मिनिटांची निखळ शांततेची फाइल बनवा आणि नाटक संपेपर्यंत ती एका प्लेअरमध्ये फिरत ठेवा. कार्ड झोपणारच नाही. इफेक्ट दुसऱ्या प्लेअरमधून सोडा.

मिक्सरकडे वायर नेताना लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर विसंबू नका. बसताउठता धक्का लागून तीच पिन सुटते. छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. एसएनडी-यूएसबी-ऑडिओ हा ड्रायव्हर बहुतेक साध्या यूएसबी कार्डांना आपोआप लागतो. फक्त 'कार्ड एक', 'कार्ड दोन' या नंबरांवर काही बेतू नका, कारण यूएसबी कधी लावलं त्यावर नंबर बदलतात. एप्लेच्या यादीत चौकोनी कंसाच्या आधी जे छोटं नाव असतं, ते वापरा.

मधे मधे खरखर तुटक आवाज येत असेल तर बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवायची जागा, वाढवा. पाइपवायर बहुतेक ठिकाणी ४८,००० हर्ट्झवर १,०२४ नमुन्यांचा बफर घेतं, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. तुम्ही गायक थेट लॅपटॉपमधून नेत नाही, नुसते इफेक्ट सोडता, तेव्हा २,०४८ केला तरी ४३ मिलिसेकंदांच्या आतच राहता आणि ते कोणाला जाणवत नाही. आणि पडदा उघडण्याआधी सिस्टीमचे सूचना-आवाज बंद करा, वायफाय बंद करा. आई मरणपंथाला लागली आहे, मंडपात बायका पदराने डोळे पुसताहेत, अशा वेळी लॅपटॉपने टिंग करायचं काही कारण नाही.

प्रश्न: आमच्या भजन मंडळाचं खंजिरी भजन लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो, मिक्सरमधून वायर घेऊन. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये 'घूंऽऽ' असा आवाज येऊन राहिला, आणि खंजिरीची थाप फाटते. साउंड ड्रायव्हरची कोणती सेटिंग बदलू? — तिवसा तालुक्यातील एक भजनप्रेमी

उत्तर: दादा, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं एकच लॅपटॉपच्या आत आहे.

थाप फाटते ते लॅपटॉपमधलं. मिक्सरमधून येणारा आवाज आधीच जोरकस असतो, आणि माइकचा जॅक अगदी क्षीण आवाजासाठी असतो. अल्सामिक्सरमध्ये एफ सहाने कार्ड निवडून एफ चार दाबा, रेकॉर्डिंगचे पट्टे येतील. 'माइक बूस्ट' पूर्ण खाली, शून्यावर आणा. मग कॅप्चरचा पट्टा असा ठेवा की सगळ्यात जोरात पडणाऱ्या थापेलाही रेकॉर्डरची पट्टी लाल होणार नाही. तरी फाटलं तर मिक्सरचा आउटपुट खाली घ्या. लाइन-इन असलेलं यूएसबी कार्ड मिळालं तर माइकच्या जॅकचा नादच सोडा.

'घूं' साठी एक परीक्षा करा: भजन सुरू असताना चार्जर काढा. घूं थांबलं तर दोष विजेच्या जोडणीचा, आणि जगातला कोणताही ड्रायव्हर तो काढू शकणार नाही. तो ५० हर्ट्झच्या विजेचाच गुणगुणाट आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि मधून ऑडिओची वायर, असं झालं की अर्थिंगमधला फरक त्या वायरीवाटे रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

पण लॅपटॉपच्या किंवा मिक्सरच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर भजनाच्या जागेची अर्थिंग तपासून घ्या, आणि ते उद्यावर टाकू नका. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात. माती वाळून खड्ड्यातल्या धातूच्या पाटीपासून सुटली, की अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घाला आणि वायरमनकडून जोड घट्ट करून घ्या. घूं जावं म्हणून थ्री-पिनची जाडी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. ओल्या हाताने माइक धरणाऱ्या गायकाचा जीव त्या पिनेवर असतो. बॅटरीवर चालवणं शक्य नसेल तर ऑडिओच्या वायरीत बसवायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा.