वाचक विचारतात : माजुलीचा मुखवटा घरी करताना

प्रश्न : आसामातल्या माजुली बेटावर, सामागुरी सत्रात (वैष्णव मठात), मुखवटे घडवताना पाहिले. तसाच रावण शाळेच्या नाटकासाठी केला : बांबूचा सांगाडा आणि त्यावर अंगणातली लाल माती. दोन दिवसांत भेगा पडल्या, शिवाय मुलाला तो पेलवेना. काय चुकलं? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : तुम्ही कापड गाळलंत. खरी चूक तीच. तिथे सांगाड्यावर आधी मातीच्या पातळ कालवणात बुडवलेलं जुनं सुती कापड चढवतात. ते वाळलं की कवच तयार होतं, मग वर माती फार लागत नाही आणि वजन आपोआप उतरतं.

लाल माती रवाळ असते, धरत नाही. कुंभाराकडची चिकण माती आणा. पण नुसती चिकण माती वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून तिच्यात शेण. शेणातले तंतू तिला बांधून ठेवतात. दोन भाग माती, एक भाग शेण इथून सुरुवात करा, तळहाताएवढी थापटी वाळवून बघा. तडकली तर शेण वाढवा. थर तीन-चार मिलिमीटरचाच द्या आणि सावलीत वाळू द्या. कडक उन्हात वरची साल आधी आवळते आणि आतला ओलावा तिला फोडतो. नाक, भुवया, ओठ नंतर चढवायचे. बांबूच्या पट्टीने घासून गुळगुळीत केल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

बांबू दोन-तीन वर्षांचा हवा. कोवळा सुरकुततो. कामट्या काढण्याआधी आठवडाभर पाण्यात ठेवा. त्यातलं पिष्ट निघून गेलं की भुंगा सहसा लागत नाही. वीण षटकोनी ठेवा, गोलाई तिच्यात छान बसते.

आणि रावण मुलासाठी असेल तर फक्त चेहरा झाकणारा ‘मुख मुखा’च करा. अंगभर येणारा ‘चो मुखा’ मोठ्या माणसालाही घामाघूम करतो!

प्रश्न : पर्यटकांसाठीचे वीतभर मुखवटे म्हणजे कलेची भेसळ नाही का?

उत्तर : नाही. भाओना, म्हणजे आसामचे वैष्णव संत शंकरदेव यांच्या परंपरेतली नाटकं, वर्षभर होत नाहीत, कारागिराची चूल मात्र रोज पेटते. परंपरेतही बदल होतच आले : सामागुरीचे मुखवटा कलाकार हेमचंद्र गोस्वामी (पद्मश्री, २०२३) यांनी डोळे आणि ओठ हलणारे मुखवटे घडवले. भेसळ वेगळी. माजुली मुखवट्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी विकत घेताना मुखवटा उलटा करून बघाच. आत बांबूची वीण आणि कापड दिसायला हवं. पांढरं, गुळगुळीत प्लास्टर दिसलं तर तो साच्यातला माल.