गुरुजींचं चरित्र लिहायला बसली आहेस तर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पानं वाचली. गावात गाण्याचा क्लास चालवणाऱ्या गुरुजींवर लिहावं असं तुला वाटलं, याचाच मला फार आनंद झाला. नावाजलेल्या गवयांवर पुस्तकं निघतात. पण ज्यांच्यामुळे तालुक्याच्या गावांत घरोघरी भूप आणि यमन पोचले, त्या शिक्षकांविषयी त्यांच्या मागे ओळभरही मजकूर सापडत नाही. तेव्हा हे काम नीट व्हायला हवं.

पहिल्याच वाक्यात तू त्यांना ‘ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक’ म्हटलं आहेस. ते वाक्य काढ. त्यामुळे वाचक भलतीकडेच पाहू लागतो: मैफली किती झाल्या, कुणी दाद दिली, कोणता मानसन्मान मिळाला. गुरुजींचं काम शिकवण्याचं होतं. संध्याकाळी एकामागून एक तुकड्या, कच्च्या गळ्यांना षड्ज लावायला शिकवणं, तेच अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, वर्षानुवर्षं घोटून घेणं. गायक व्हायचं राहून गेलं म्हणून ते शिक्षक झाले, असा सूर तुझ्या पानांत दोन ठिकाणी आला आहे. त्यांनी स्वतः तसं कधी म्हटलं असेल तरच तो ठेव.

गावोगावचा असा संगीतशिक्षक आला कुठून, हे तुला आधी समजून घ्यावं लागेल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईला आले. गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, मर्जी सांभाळून मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली: फी, वेळापत्रक, छापील पुस्तकं, परीक्षा. शिकवण्यासाठी माणसं तयार करायची म्हणून उपदेशक वर्गही चालवला. १९३१ मध्ये पलुस्कर मिरजेत वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची वाट आज गावातल्या मुलांनाही ठाऊक आहे. ज्या घरांत मुलींनी गाणं म्हणजे बदनामी समजली जाई, त्या घरांतल्या मुली ‘परीक्षेला बसते’ म्हणून क्लासला येऊ शकल्या. माझ्या मते गावोगावच्या शिक्षकांनी केलेलं सगळ्यांत मोठं काम हेच. गुरुजींच्या तुकड्यांत मुली कधीपासून आल्या, पहिल्या कोण होत्या, हे शोध. त्यांतल्या काही आजी होऊन तुझ्याच गावात राहत असतील.

आता गुरुजींच्या वह्यांकडे ये. त्या तुझ्या हाती आहेत हे तुझं मोठं भाग्य. त्यांतली स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याची पद्धत, बारकाईने पाहा. अशा दोन पद्धती आहेत: एक विष्णु नारायण भातखंडे यांची, दुसरी पलुस्करांची. भातखंडे पद्धतीत कोमल (उतरत्या) स्वराखाली आडवी रेघ असते, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेची खूण आणि ‘खाली’ला, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेला, शून्य. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराला पाय मोडल्यासारखी खूण, समेला १ चा आकडा आणि ‘खाली’ला अधिकची खूण. खरी फसगत टिंबाची होते. स्वराच्या डोक्यावरचं टिंब भातखंड्यांकडे तारसप्तक (वरचं) सांगतं, तर पलुस्करांकडे मंद्र (खालचं); तारसप्तकाला तिथे उभी रेघ असते. पद्धत न ओळखता वाचलंस तर अख्खी बंदिश वरची खाली होईल. एकाच माणसाच्या वहीत दोन्ही पद्धतीही सापडतील, कारण परीक्षेसाठी दोन्हींची ओळख लागते. पण तरुणपणीच्या वहीत कोणती आहे आणि पुढे ती कधी बदलली, यावरून ते कुणाकडे शिकले आणि कुणासाठी शिकवत होते, हे घरच्यांच्या आठवणीपेक्षा खात्रीने कळेल. समासातल्या तारखा, विद्यार्थ्यांची नावं, ‘हा अंतरा पुन्हा’ असल्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घे. शुद्धलेखन सुधारू नकोस.

आठवणींना मान दे, पण पडताळून पाहा. गुरुजी पन्नासच्या दशकात रेडिओवर पेटी वाजवत, असं त्यांच्या पुतण्याने तुला सांगितलं आहे. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. म्हणजे एक तर ते गायले असतील, नाही तर साल वेगळं असेल, किंवा कार्यक्रम गावच्या सभागृहातला असेल. पुतण्याला खोटं पाडू नकोस, पुन्हा विचार.

घराण्याचा इतिहास लिहिताना रक्ताची वंशावळ आणि गुरुपरंपरा वेगवेगळ्या कागदांवर मांड. दोन्ही एकत्र केल्या की गोंधळ होतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांचंच घर बघ. मुलगा सुरेशबाबू माने, मुली हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. आडनावांवरून नातं शोधायला गेलीस तर एका छपराखालची ही भावंडं तुला एकमेकांची कुणीच वाटणार नाहीत. आडनावावर, जातीवर विसंबून कुणाचं गाणं कुठून आलं ते ठरवू नकोस. गुरुजींच्या मागच्या पिढ्यांत कीर्तनकार असतील, भजनी असतील, देवळात वाजवणारे असतील, कलावंत घराण्यातली एखादी आजीही असेल. काही घरं अशा आजीचं नाव गाळतात. ती सापडली आणि घरच्यांनी हो म्हटलं, तर तिला ठळकपणे लिही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला मिळव, पण त्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. शाळेत नाव घालताना गुरुजनांनी अंदाजाने लिहिलेल्या अशा तारखा त्या पिढीत सर्रास आढळतात. कुळाचा कुलवृत्तांत निघाला असेल तर तो पाहा. जुन्या कुलवृत्तांतांत लेकींची माहिती बहुधा लग्नापाशी थांबते, तेव्हा आत्यांच्या सासरी तुला स्वतःच जावं लागेल. जुनी कागदपत्रं मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून वाचून घे, अंदाज नको.

एक गोष्ट मात्र तुझ्या पानांत अजिबात नाही, आणि तिच्याशिवाय हे चरित्र पुरं होणारच नाही. गुरुजींच्या पत्नी. क्लास घरातच भरत होता ना? मग बाहेरच्या खोलीत तुकड्या चालू असताना घरची मुलं अभ्यासाला कुठे बसायची? परगावच्या विद्यार्थ्यांना कोण जेवू घालायचं? फी थकली की घर कसं चालायचं, आणि ती मागायला कोण जायचं? बाईंना स्वतःला गाणं येत होतं का? इतकी वर्षं आतून ऐकणाऱ्या माणसाला कोणत्या विद्यार्थ्याचा सूर कसा लागायचा हे चोख माहीत असतं. त्यांच्याकडे वही उघडून बसू नकोस. आधी काही दिवस नुसती जात राहा.

विद्यार्थ्यांतही जे गायक झाले त्यांच्यामागे धावू नकोस. बँकेत, शेतीत, शिलाईकामात गेलेली माणसं शोध. त्यांना आजही एखादी बंदिश येते का, मुलांना ती शिकवली का, गाणं कसं ऐकतात, ते विचार. गुरुजींच्या कामाचा खरा पसारा तिथे दिसेल.

लिहून झालं की छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखव. भाऊबंदकी, आजारपण, कर्ज यांतलं जे त्यांना नको असेल ते सरळ काढून टाक. त्यावर वाद घालण्याचा हक्क आपल्याला नाही. पण एखादी चुकीची गोष्ट घालायला सांगितली तर तिथे नम्रपणे नाही म्हण. वह्यांची छायाचित्रं काढून एक संच गावच्या वाचनालयात दे, मूळ वह्या घरीच राहू देत. पुढच्या पत्रासोबत सगळ्यांत जुन्या वहीची चार-पाच पानं पाठव. लिपी कोणती ते दोघं मिळून पाहू.

तुझा,
काका