डाव्या बाजूच्या तारा

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ची १९६६ ते १९६९ मधली मूळ मालिका पुन्हा बघते आहे. एंटरप्राइझ हे अवकाशयान जवळजवळ प्रत्येक वेळी उजव्या बाजूनंच का दिसतं?

उत्तर : कारण डाव्या बाजूनं तारा बाहेर आलेल्या होत्या. तुम्ही बघता ते यान म्हणजे ११ फुटांहून थोडं लांब, साधारण ३.४ मीटरचं मॉडेल. लाकूड, पत्रा आणि साच्यातून काढलेलं प्लॅस्टिक वापरून रिचर्ड डेटिन आणि त्यांच्या बरोबरच्या कारागिरांनी ते १९६४च्या शेवटी पूर्ण केलं. तेव्हा त्यात एकही दिवा नव्हता. खिडक्यांतला उजेड, इंजिनांच्या टोकांशी लुकलुकणारे दिवे, त्यांच्यापुढे फिरणारी पाती हे सगळं नंतर बसवलं. या दिव्यांच्या तारा कुठून तरी बाहेर काढायलाच हव्या होत्या. कॅमेरा उजवीकडे, म्हणून तारा डावीकडून. मग त्या बाजूच्या खिडक्या आणि खुणा पूर्ण करण्यात कुणी वेळ घालवला नाही. यान उलट दिशेनं जाताना हवं असेल तर मॉडेलवर उलटी अक्षरं चिकटवायची, उजवीकडूनच चित्रण करायचं आणि नंतर फिल्म पलटवायची. पडद्यावर अक्षरं सुलटी दिसत.

हे कळल्यावर काही जणांचा विरस होतो. माझा जीव उलट त्या मॉडेलवर जास्तच जडला. मी स्वतः मॉडेलची किट जोडते, त्यामुळे एका बाजूच्या खिडक्या ओळीत आणायला किती चिकाटी लागते ते मला ठाऊक आहे. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा असताना ती चिकाटी जिथे दिसणार होती तिथे या माणसांनी पूर्णपणे ओतली.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी आकाराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. यानाची रचना मॅट जेफ्रीज यांची. ते स्वतः विमान चालवत. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी त्यांना काय नको तेवढं सांगितलं होतं : अग्निबाण नको, पंख नकोत, मागून निघणारे लोळ नकोत. जेफ्रीजनी मग इंजिनिअरसारखा विचार केला. इतकी ताकदवान इंजिनं माणसांच्या जवळ असणं धोक्याचं, म्हणून ती लांब खांबांवर बाहेर ठेवली. दुरुस्तीसाठी कुणाला अवकाशात उतरावं लागू नये, म्हणून यंत्रं आत गेली आणि बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला. एनसीसी-१७०१ या क्रमांकातलं ‘एनसी’ अमेरिकी नागरी विमानांच्या नोंदणीतलं आहे. लांबून ३, ६, ८ आणि ९ हे आकडे एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ते टाळले. विमानतळावर उभं राहून आकडे वाचलेल्या माणसालाच हे सुचतं.

प्रश्न : याच मालिकेतल्या गॅलिलिओ या छोट्या यानात पात्रं आरामात उभी राहतात. बाहेरून मात्र ते फारच बुटकं दिसतं. माझी नजर चुकते आहे का?

उत्तर : तुमची नजर अगदी बरोबर आहे. आतला भाग आणि बाहेरचा भाग हे दोन वेगळे सेट होते. बाहेरचा जेमतेम २२ फूट लांब होता. आतला स्टुडिओत वेगळा उभारला, आणि नटांना ताठ उभं राहता यावं, कॅमेऱ्याला जागा मिळावी या हिशेबानं तो मोठा केला. तो बाहेरच्या कवचात मावणं शक्यच नव्हतं.

या यानाची जन्मकथा मला संपूर्ण मालिकेत सर्वांत आवडते. एंटरप्राइझ दर भागात एकेका ग्रहावर उतरवणं परवडणारं नव्हतं. म्हणून माणसांना क्षणात खाली पोहोचवणारा ट्रान्सपोर्टर आला. तरी एक लहान यान हवंच होतं. जेफ्रीजनी आधी गोलसर, वळणदार रेखाटनं केली. पण खऱ्या मापात तशी वळणं घडवायची तर खर्च फार. तेव्हा एएमटी ही प्लॅस्टिकची किट बनवणारी कंपनी पुढे आली : यानांची किट विकण्याचे हक्क आम्हाला द्या, हे यान आम्ही बांधून देतो. टॉमस केलॉग यांनी सरळ पत्र्यांचा, कोनदार आकार काढला आणि खास मोटारी घडवण्यासाठी नावाजलेल्या जीन विनफील्ड यांच्या कार्यशाळेत लोखंडी सांगाड्यावर लाकूड चढवून तो उभा राहिला. म्हणून गॅलिलिओत मोटारीची ऐट आहे. तिचे उतार आणि कडा मोटार घडवणाऱ्या हातांचे आहेत.

ऑक्टोबर १९६६ मध्ये दाखवलेल्या एका भागात ट्रान्सपोर्टर बिघडतो, एंटरप्राइझवरचा सुलू आणि त्याचे सोबती ग्रहावर थंडीनं गारठून मरायला टेकतात, आणि त्यांना आणायला लहान यान पाठवू या असं कुणी म्हणत नाही. कथेत याला उत्तर नाही. गॅलिलिओचं नाव मिरवणारा भाग थेट जानेवारी १९६७ मध्ये आला.

मालिका संपल्यावर हे यान या हातातून त्या हातात गेलं, वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिलं, लाकूड कुजलं. २०१२ मध्ये त्याचा लिलाव झाला, चाहत्यांनी ते दुरुस्त करवलं आणि २०१३ मध्ये ते ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरमध्ये मांडलं गेलं.

प्रश्न : ‘लॉस्ट इन स्पेस’ या अवकाशमालिकेतली चॅरिअट ही काचेची गाडी खरोखर चालायची का?

उत्तर : हो. बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या खऱ्या गाडीवर ती बांधली होती.

प्रश्न : ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची मालिका १९६५ची, सगळी खेळण्याएवढी मॉडेल्स. तरी ती इतकी जड कशी वाटतात?

उत्तर : वेळेमुळे. २५ मीटरवरून सुटलेली वस्तू खाली यायला सव्वादोन सेकंद लागतात, एका मीटरवरून अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणजे उंची २५ पट कमी झाली की वेळ पाच पट कमी होतो. लहान मॉडेल कोसळताना आपल्या डोळ्याला हा झटपटपणा लगेच कळतो आणि खेळणं हे खेळणं दिसतं. मालिकेची मॉडेलदृश्यं करणारे डेरेक मेडिंग्ज आणि त्यांचे सहकारी सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत वेगानं चित्रण करत. तीच फिल्म नेहमीच्या २४ फ्रेमच्या वेगानं दाखवली की सगळं पाच पट संथ होतं, आणि पंचविसाव्या हिश्शाचं मॉडेल बरोबर खऱ्या वजनानं पडतं. पाण्याचं मात्र यानं भागत नाही. थेंबाचा आकार मॉडेलच्या मापात लहान होत नाही, म्हणून बुडणाऱ्या जहाजांची दृश्यं आजही पकडता येतात.

दुसरं कारण मळ. मेडिंग्ज मॉडेल कोरं ठेवत नसत. तेल, पूड, पेन्सिलीचं शिसं चोळून त्यावर वापराच्या खुणा आणत. बारीक यंत्रसामग्रीसाठी विकतच्या किटमधले सुटे भाग चिकटवत. थंडरबर्ड १ या यानाच्या उड्डाणाच्या जागी भिंतीवर चक्क लिंबू पिळायचं साधन लावलेलं आहे, शोधा म्हणजे सापडेल. उडणारं यान बहुतेक वेळा जागच्या जागी टांगलेलं असे आणि मागचं रंगवलेलं आकाश पट्ट्यावर सरकत राही.

याच तालमीतून ब्रायन जॉन्सन तयार झाले. त्यांनी ‘स्पेस : १९९९’ या मालिकेसाठी केलेलं ईगल यान माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत विश्वासार्ह आहे. उघडा नळ्यांचा कणा, मध्ये बदलता येणारा डबा, खाली चार पाय. काम बदललं की डबा बदलायचा. मोठं मॉडेल ४४ इंचांचं, आणि उतरताना त्यातून खराच वायू सोडून चंद्राची धूळ उडवत. सुंदर दिसावं म्हणून त्यावर काही लावलेलं नाही, आणि तरी ते सुंदर आहे.

प्रश्न : एंटरप्राइझचं मॉडेल करते आहे. वरच्या तबकडीवर रेषा असाव्यात की नसाव्यात? जुन्या फोटोंत एक दिसतं, नंतरच्या फोटोंत दुसरंच.

उत्तर : मूळ मॉडेल १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलं आणि त्यानंतर ते अनेकदा रंगवलं गेलं. १९९१च्या कामात पत्र्यांचे जोड गडद करून दाखवले, तुम्हाला चक्रावणारे फोटो त्यानंतरचे. तबकडीचा वरचा भाग मात्र सुदैवानं पुन्हा रंगवला गेला नव्हता. २०१६ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत तोच मूळ रंग प्रमाण धरला. त्यासाठी संग्रहालयानं लोकांकडून जुने फोटोही मागवले होते. त्या मूळ रंगावर पेन्सिलीनं ओढलेल्या बारीक रेषा आहेत. तेव्हा रेषा काढा, पण कोरू नका. करडा रंग पूर्ण वाळू द्या, टोकदार पेन्सिल घ्या आणि हात अगदी हलका ठेवा. हातभर अंतरावरून त्या दिसेनाशा झाल्या पाहिजेत.