दादा टाळ ठेवून पडवीत गेला

"मॅडम, घरात राजकारणाचा विषयच बंद करून टाकू का?" रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणाऱ्यांतलेच हे एक, राजापूर तालुक्यातले पन्नाशीचे आंबा बागायतदार. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) तक्रार झोपेची होती.

मूळ निघालं गणपतीत. त्यांच्याच तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, वाद पुढे तिथल्याच बारसूला सरकला. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण आणि आंदोलन दोन्ही पेटलं, तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे विरोधात आणि डोंबिवलीचा थोरला भाऊ बाजूने. "पोरांनी मुंबईतच मरायचं का?" आणि "कलमांचं काय करायचं?" दोघांचंही चुकीचं नव्हतं. त्या वर्षी दादा गणपतीला आला, पण बोलणं सगळं वहिनीमार्फत. आरतीत कुणीतरी टोमणा मारला आणि दादा टाळ खाली ठेवून पडवीत जाऊन बसला.

मी यांना पंधरा दिवस ग्रुप सोडायला सांगितलं. कित्येकांना लागू पडलेला सल्ला इथे फसला. ग्रुपवरून उठलेला माणूस टीव्हीवरच्या चर्चांसमोर जाऊन बसला, वर 'आपण पळालो' ही टोचणी. चिंता खरी होती. तिला हातापायांचं काम मिळत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"शेवटच्या ग्रामसभेला कधी गेला होतात?"

"तिथं कोण जातंय, मॅडम?"

त्याच बोलण्यात वाडीचा साकव, म्हणजे छोटा पूल, आला. पावसात एका बाजूने खचलेला, पोरं शाळेला वळसा घालून जाणारी. मी म्हटलं, २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज करा. वीस सह्या आणा, त्यातल्या पाच रिफायनरी हवी म्हणणाऱ्यांच्या. मत बदला असं मी एकदाही म्हटलं नाही. विरोध करावा, मोर्चालाही जावं. पण ज्याच्याशी वर्षभर भांडायचं, त्याच्याबरोबर एखादं काम अर्धवट पडलेलं असावं, एवढा माझा हट्ट.

पहिलीच सही शेजाऱ्याची. वर्षभर अबोला. हे त्याच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभे, तो ओसरीवरून बघतोय. शेवटी खाली आला, कागद वाचला. यांचं पेन उमटेना, तर आत जाऊन स्वतःचं घेऊन आला. सही केली आणि म्हणाला, "लांबी लिही. बावीस फूट. मी मोजलाय."

तो कधीचा मोजून बसला होता!

सभेला गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं जमली नाहीत, सभा तहकूब. यांना वाटलं संपलं. पुढच्या तारखेला मात्र शेजारी आपल्या माणसांना घेऊन आला आणि ठराव झाला. साकव अजून तसाच आहे, पाठपुरावा चालू आहे.

दादाचीही सही मागितली होती. त्याचं नाव डोंबिवलीच्या मतदारयादीत, इथल्या ग्रामसभेत उपयोग शून्य. हे सांगायला दादाने स्वतःहून फोन केला.

"अकरा मिनिटं बोललो, मॅडम."

"रिफायनरी निघाली का?"

"निघाली तर! म्हटलं, ते गणपतीत बघू. आधी साकवाचे फोटो पाठवतो, तुझ्या ओळखीतल्या इंजिनिअरला दाखव."