नाक्यावर की नाकावर?

सिडकोतल्या एका ताईंनी विचारले आहे. येत्या सिंहस्थाला बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्या नाशिकच्या ओळखीच्या रस्त्यांची चारपानी माहिती लिहीत आहेत. त्यात 'रविवार कारंजावर उतरा' लिहावे की 'कारंज्यावर'? आणि मुळात शब्द 'कारंजे' असताना आपण 'कारंजा' म्हणतो, ते चूक का?

कारंज्यावर. कारंजा म्हणा नाहीतर कारंजे, प्रत्यय लागताना दोन्हींचे रूप 'कारंज्या' असेच होते, त्यामुळे दुसरा प्रश्न इथे उरतच नाही. चांदीचा गणपती रविवार कारंज्यावर आहे, 'कारंजावर' नाही. आपल्या जिल्ह्यातली गावे बघा. येवल्याची पैठणी म्हणतो, येवलाची नाही. सटाण्याला जातो, देवळ्याहून येतो, सुरगाण्यात राहतो. गावाचे नाव आहे म्हणून कोणी ते काचेच्या कपाटात ठेवत नाही. मग शहरातल्या चौकांनीच काय केले आहे? तिवंध्याला, दिल्ली दरवाज्यापाशी, कारंज्यावर. जुन्या नाशकातली कोणतीही आजी असेच बोलते, तिला व्याकरण शिकवावे लागलेले नाही.

हल्ली ही रूपे टाळण्यासाठी एक कुबडी निघाली आहे: 'येथे'. 'रविवार कारंजा येथे वाहतूक कोंडी', 'मुंबई नाका येथे अपघात'. रूप कसे करायचे याची भीती वाटली की 'येथे' जोडून मोकळे व्हायचे. आणि जे 'येथे' लिहीत नाहीत ते 'मुंबई नाकावर थांबलोय' असे लिहितात. हे वाचले की माझे डोके उठते. नाकावर माशी बसते, राग असतो. बस थांबते ती नाक्यावर. नाक नपुंसकलिंगी, त्याचे 'नाका-'. नाका पुल्लिंगी, त्याचे 'नाक्या-'. हा एका 'य'चा फरक आहे, पण मराठीने तो शतकानुशतके सांभाळला आहे.

आता नाक्याचा विषय निघालाच आहे तर तिथे थांबू. नाका म्हणजे जकात घेण्याची जागा, हे सगळ्यांना माहीत आहे. शब्द आला कुठून? एका व्याख्यानात मी ऐकले की संस्कृतात 'नाक' म्हणजे स्वर्ग, आणि नाशिक तीर्थक्षेत्र, म्हणून नाका म्हणजे स्वर्गाचे दार. हे साफ चुकीचे आहे. स्वर्गवाची 'नाक' बोलीत कधी उतरलाच नाही, तो काव्यात राहिला. आणि तीर्थाशी संबंध नसलेल्या गावांनाही नाके आहेत, त्यांचे काय करायचे? नाका आला तो आपल्या चेहऱ्यावरच्या नाकातूनच, प्राकृतातल्या 'णक्क'मधून, असे माझे ठाम मत आहे. पण नाकाचे टोक म्हणून नव्हे, नाकपुडी म्हणून. हिंदीत सुईच्या छिद्रालाही 'नाका' म्हणतात, ज्याला आपण नेढे म्हणतो. एका वेळी एकच धागा जाईल असे अरुंद तोंड. गावाचा नाका नेमका तसा: श्वास आत-बाहेर व्हावा तशी माणसे, बैलगाड्या, माल तिथून आत-बाहेर होणार आणि नाकेदार एकेकाला मोजून सोडणार. ती वाट बंद केली की नाकाबंदी. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हणही याच जातीची.

आपले नाके मनात जोडून बघा: मुंबई नाका, त्र्यंबक नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका, आडगाव नाका. प्रत्येकाला नाव रस्ता जिकडे जातो त्या गावाचे. त्र्यंबक नाका आज सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या शेजारी, भर गर्दीत आहे. म्हणजे एके काळी गाव तिथेच संपत होते. जकात गेली, गाव सातपूरच्याही पलीकडे पसरले, पण जुनी वेस नावांत शिल्लक राहिली.

आणि ज्या शहराच्या कडेला इतक्या नाकपुड्या, त्या शहराचे नावही नाकाचेच! इथे कोणीतरी 'नाशिक नव टेकांवरी वसविले' ही म्हण काढणार आणि नाव 'नवशिख', म्हणजे नऊ शिखरे, यावरून आले सांगणार. टेकड्या खऱ्या आहेत, त्यांत जुनी गढी आहे, चित्रघंटा आहे, म्हण गोड आहे. व्युत्पत्ती मात्र खोटी आहे. पतंजलीचे महाभाष्य, संस्कृत व्याकरणावरचा ग्रंथ, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्यात चर्चा अशी: 'नासिका' शब्दाला 'य' लागला की त्याचा 'नस्' होतो, जसे वैद्यांचे 'नस्य'. पण दोन ठिकाणी तसे करू नये. एक, नाकातून उच्चारलेला वर्ण: नासिक्यो वर्णः. दुसरे, नगर: नासिक्यं नगरम्. व्याकरणाच्या नियमाला आपल्या गावासाठी अपवाद करावा लागला! हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या पानावरून पुढे जाववेना. नाशिकजवळच्या पांडवलेण्यातल्या चैत्यगृहाच्या ब्राह्मी लेखातही धंभिक गावचे दान देणारे लोक 'नासिकक' आहेत. 'नव'ही नाही, 'शिख'ही नाही.

मग 'श' कुठून आला, असा प्रश्न नवशिखवाले विजयी मुद्रेने विचारतात. मराठीतूनच आला. इकाराआधीचा 'स' आपल्या जिभेवर 'श' होतो. संस्कृतातल्या सीव्यतीचे शिवणे, सिंचनाचे शिंपणे. एक म्हैस, दोन म्हशी. एक घूस, दोन घुशी. तसेच नासिकचे नाशिक. यासाठी एकही टेकडी लागत नाही.

तर ताई, तुमच्या पानांत मुंबई नाक्यावर, पेठ नाक्यावरून, कारंज्यापाशी असेच छापा. पेठ नाक्याखाली एक ओळ जास्तीची घाला. पुण्याहून येणारे पाहुणे तिथे बुधवार, शुक्रवारसारखी पेठ शोधत फिरतात. पेठ हे तालुक्याचे गाव आहे, आणि तो रस्ता तिकडे जातो.