गाडीचं दुखणं: घाटात गाडी बसते अन् टर्बो लालबुंद होतो

प्रश्न: राम राम भाऊ. माझी २०१८ ची बीएस-४ डिझेल पिकप आहे, पावणेदोन टनवाली. नागपूरच्या कळमना मार्केटातून संत्रा, कांदा, जे भाडं मिळेल ते घेऊन सौंसर-छिंदवाडा लाइनवर चालवतो. एप्रिलपासून गाडीत दमच नाही राहिला. सपाट रोडला कशीबशी ओढते पण सिल्लेवानीचा घाट लागला की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, अन् मागं काळा धूर असा की बाइकवाले शिव्या देऊन जातात. रात्री घाट चढून बोनेट उघडलं तर टर्बो लालबुंद दिसला. पाण्याचा काटा मात्र मधातच आहे. टर्बोची शिटी पण पहिल्यापेक्षा मोठी येऊन राहिली, अ‍ॅव्हरेज पडला. एक मिस्त्री म्हणतो टर्बो गेला, नवा टाका. दुसरा म्हणतो काही नाही झालं, नागपूरचं ऊन आहे, पाऊस पडला की ठीक होईल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कळमना

उत्तर: दोघांचंही नका ऐकू, निदान आत्ताच नको.

बघा भाऊ, दम गेला, काळा धूर, टर्बो लाल, शिटी मोठी आणि पाण्याचा काटा जागेवर, हे सगळं एकत्र वाचलं की मला एकच दिसतं, इंजिनाला डिझेल पोचतंय पण हवा कमी पडून राहिली. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. हवा पुरेशी नसली की ते उशिरापर्यंत जळत राहतं आणि बाहेर पडणारा गॅस नेहमीपेक्षा जास्त तापलेला निघतो, त्याच गॅसवर टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, चाक फिरतं, म्हणून टर्बो लाल. वरून हवा कुठेतरी सुटत असेल तर तेवढंच प्रेशर द्यायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं, म्हणून शिटी मोठी. म्हणजे टर्बो इथे मार खाणारा आहे, मारणारा दुसराच कोणी आहे, आणि त्याला न शोधता नवा टर्बो बसवला तर तोही काही महिन्यात ह्याच वाटेनं जाईल. टर्बो स्वतः बसला असता तर निळा धूर दिसला असता, ऑइल कमी झालं असतं, शिटीऐवजी पातं घासल्यासारखा कर्रकर्र आवाज आला असता, ह्यातलं तुम्ही काहीच लिहिलं नाही.

आता उन्हाचं. नागपूरचं ऊन काय असतं ते मला सांगायची गरज नाही, २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ नोंदलं गेलंय (२०२४ ला ५६ ची बातमी फिरली होती ती सोडा, तो सेन्सर बिघडला होता). पण हिशोब करून बघा. १२ अंशाच्या हिवाळी सकाळपेक्षा ४५ च्या दुपारी हवा साधारण दहा टक्के पातळ होते, बस. दहा टक्क्यात गाडी थोडी जड वाटेल, पहिल्या गिअरवर नाही येणार. ऊन फक्त आधीच असलेला बिघाड उघडा पाडतं, आणि पाऊस पडल्यावर गाडी जरा बरी वाटेल पण फुटलेला पाइप काय पावसानं जुळून येतो?

तर सुरुवात करा पाइपांपासून. टर्बोतून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरमधून इंजिनाला जाणारे जे रबरी होज आहेत ते हातानं चाचपून बघा, खालची बाजू विसरू नका कारण चीर नेहमी तिकडेच असते जिथे कोणी बघत नाही. जिथून हवा सुटते तिथे तेलकट काळा डाग अन् त्यावर धूळ चिकटलेली सापडते. पाइपाच्या आत थोडा तेलाचा ओलावा असतोच, त्याला घाबरू नका, पण बाहेर ओघळ आला म्हणजे गळती. एकानं उभ्या गाडीत रेस द्यायची, दुसऱ्यानं जोडांवर साबणाचं पाणी टाकायचं, बुडबुडे किंवा फुस्स आवाज आला की सापडलं. पण उभ्या गाडीत, बिनलोडात, टर्बो पूर्ण प्रेशर देतच नाही, त्यामुळे बारीक चीर अशी नाही सापडत, मग गॅरेजला सांगून लाइन दोन्हीकडून बंद करून हवा भरून बघायची, एक बारपेक्षा जास्त नको. पाइप आवळणाऱ्या पट्ट्याही बघा, बरेचदा पाइप चांगला असतो आणि स्वस्तातली क्लिप ढिली असते.

एक पाइप मात्र भल्या भल्या मिस्त्रीला चकवतो, एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधला. तिथे प्रेशर नसतं, ओढ असते. रबर जुनं झालं, आतला थर सुटला की गाडी गरम झाल्यावर लोडमध्ये तो पाइप आत चपटा होतो आणि गॅरेजमध्ये थंड गाडीत एकदम टकाटक गोल दिसतो. दाबून बघा, फार मऊ लागला तर बदलून टाका, वाट नका पाहू. फिल्टरही ह्याच वेळी काढा. तुम्ही कळमन्यात उभे राहता, तिथली धूळ, कांद्याची टरफलं, पोत्याचा भुसा, सगळं फिल्टरच्या डब्यात जातं, आणि हवेचा पाइप मारून झटकलेला फिल्टर वरून पांढरा दिसला म्हणजे आतून मोकळा झाला असं नाही.

मग इंटरकूलर. हा भाग लोकं विसरतातच. ४५ डिग्रीची हवा टर्बोनं दाबली की ती दीडशेच्या आसपास जाते, मग तिला थंड करायचं काम इंटरकूलरचं. त्याच्या पात्यांमध्ये आपल्याकडे काय बसतं तर धूळ अन् कापूस. सौंसर, पांढुर्णा, सावनेर सगळा कापसाचा पट्टा, जिनिंगसमोरून जाणाऱ्या गाड्यांत सरकी-कापसाचे तंतू असे अडकतात की वरून काही दिसत नाही आणि आत नमदा तयार झालेला असतो. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला पाणी मारायचं, साध्या नळाच्या धारेनं. सर्विसिंगच्या प्रेशर वॉशरनं जवळून मारलं तर पाती आडवी होतात आणि मग धुतलेलं न धुतल्यापेक्षा वाईट. आणि समोर ग्रिलला मच्छरजाळी, बॅनर, चुनरी असं काही बांधलं असेल तर ते आधी काढा, श्रद्धेला डॅशबोर्डवर जागा आहे.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा परत इंजिनात सोडणारी झडप. तो काजळीनं उघडा अडकला की इंजिनाचाच धूर परत इंजिनात, हवेची जागा धुरानं घेतली, लक्षणं अगदी तुमच्यासारखीच. खोलून साफ होतो. टर्बोच्या अ‍ॅक्चुएटरची (टर्बोचं प्रेशर आवरणाऱ्या डब्याची) बारीक नळी, ती तडकलेली असते, दोन मिनिटात दिसते. सायलेन्सर कुठे आपटून दबला तर नाही तेही खाली वाकून बघा. आणि क्लच: घाटात आरपीएम वाढतो पण गाडी वाढत नाही असं होत असेल तर क्लच घसरून राहिला, तुमच्या केसमध्ये काळ्या धुरामुळे मला तसं वाटत नाही. धूर नसता आणि नुसता दम गेला असता तर मी पहिल्यांदा डिझेल फिल्टर बदलायला सांगितलं असतं.

टर्बोचा निकाल लावायचाच असेल तर थंड, बंद गाडीत फिल्टरकडचा पाइप काढा आणि टर्बोच्या चाकाचा दांडा बोटानं हलवा. आडवा किंचित हलतो, तो ऑइलच्या फिल्मसाठी ठेवलेला असतो, बरेच मिस्त्री हेच दाखवून टर्बो विकतात. आत-बाहेर सरकला, किंवा पातं घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो खरंच गेला. तेव्हा नव्या टर्बोबरोबर ऑइल येणारी नळी नवी टाका किंवा पूर्ण साफ करून घ्या, परत जाणारी नळी मोकळी आहे का बघा, ऑइल अन् ऑइल फिल्टर बदला, टर्बोच्या तोंडात ऑइल ओतून मगच जोडा आणि स्टार्ट न करता सेल्फ मारून आधी प्रेशर येऊ द्या. लाखाच्या वर आरपीएमनं फिरणारी वस्तू आहे ती, पहिले काही सेकंद कोरडी फिरली तरी तिचं आयुष्य तिथेच अर्धं. जुन्याची पाती तुटली असतील तर इंटरकूलरमध्ये तुकडे असतात, ते काढल्याशिवाय चावी फिरवू नका.

रात्री घाट चढून वर आल्यावर टर्बोचं एक्झॉस्टकडचं घर मंद लाल दिसणं भरलेल्या डिझेल गाडीत होऊ शकतं, तेवढ्यानं घाबरू नका, सपाट रोडला हलक्या गाडीत लाल झाला तर लगेच थांबा. आणि एक विचारतो, राग नका मानू, पावणेदोन टनाच्या गाडीत संत्र्याचे क्रेट किती असतात? अडीच-तीन टन भरून सिल्लेवानी चढवत असाल तर वरचं सगळं नीट करूनही टर्बो तापेलच.

प्रश्न: दादा, माझी बीएस-६ पिकप आहे, इतवारी-गांधीबाग ते वाडी असा दिवसभर गावातच माल सोडतो. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारी जाळी) दिवा लागतो अन् मग गाडी ४० च्या वर जातच नाही. ओळखीचा एक जण म्हणतो जाळी कापून रिकामा पाइप टाकून देतो, कटकट संपेल. टाकू का?

उत्तर: नका टाकू. बेकायदेशीर तर आहेच, पण कटकटही संपत नाही, कारण सेन्सर आणि ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) तिथेच राहतात, मग त्यांना गंडवायला प्रोग्राम बदलावा लागतो आणि तो कोण कसा बदलेल ह्याचा भरवसा नाही.

तुमच्या गाडीचा दोष तुमच्या रूटमध्ये आहे. डीपीएफमध्ये साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, त्याला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते आणि ती इतवारीच्या ट्रॅफिकमध्ये कधीच येत नाही. त्यात ही काजळी जाळणं, म्हणजे रिजनरेशन, सुरू झालं की तुम्ही नेमकी गाडी बंद करून माल उतरवता, सगळं अर्धवट राहतं. आठवड्यातून एकदा तरी आउटर रिंग रोडला किंवा वर्धा रोडला बुटीबोरीकडे काढा, ६० च्या वर एकसारख्या स्पीडनं वीस मिनिटं चालवा, मधात बंद करू नका. दिवा नुसता लागला असताना हे केलं तर बहुतेक वेळा विझतो. गाडीनं पॉवर कापली असेल, म्हणजे तुमची आत्ताची अवस्था, तर आधी कंपनीच्या सर्विसला नेऊन स्कॅनरनं रिजनरेशन करून घ्या आणि डीपीएफच्या आधीचं काही बिघडलं आहे का तेही विचारा, कारण फुटलेला होज किंवा गळका इंजेक्टर जास्त काजळी करतो अन् बिल डीपीएफच्या नावावर फाटतं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, डीपीएफला चालणारं. साध्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती जळत नाही.

प्रश्न: उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन थंड राहते असं आमच्याकडे सगळेच करतात. बरोबर आहे का? अन् घाट चढल्यावर टर्बोवर पाणी मारलं तर?

उत्तर: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, राहू द्या. तो काढला की पाणी नुसतं पळतं, काही इंजिनात तर रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते, आणि सकाळी थंड इंजिन बराच वेळ थंडच राहून डिझेल जास्त पितं. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट नवा टाका, स्वस्त पार्ट आहे, आणि रेडिएटर, फॅन, कूलंट बघा.

टर्बोवर पाणी अजिबात नाही. तापलेलं बीड (ओतीव लोखंड) आहे ते, तडकेल. घाट संपला की एक-दोन मिनिटं आयडलवर उभी ठेवा, म्हणजे फिरतं ऑइल टर्बोच्या बेअरिंगची उष्णता घेऊन जाईल, मग बंद करा. लगेच बंद केली तर तिथलं ऑइल जागेवर करपतं आणि तोच कोळसा पुढे ऑइलची नळी बंद करतो. गावात हळूहळू चालवत घरी आलात तर एवढं थांबायची गरज नाही, शेवटचे दोन किलोमीटर आरामात आलात तेच पुरेसं आहे.