आयआरसीचं मदत-पान नवख्यांना कळेल असं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या तुमच्या लिनक्स गटाने लिबेरा चॅट या आयआरसीच्या (इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी व्यवस्था) नेटवर्कवर चॅनेल काढलंय, मराठीत मार्गदर्शिकाही लिहिलीय, पण नवी मुलं नोंदणीपाशीच अडतात आणि परत व्हॉट्सॲपवर येऊन विचारतात. पानात काय बदलावं?

आधी क्रम उलटा करा. यार्को ओइकारिनेननी 1988 साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात आयआरसी लिहिलं, सर्व्हर एकमेकांना कसे जोडलेले असतात, पोर्ट 6667 आणि 6697 यांत फरक काय, हे सगळं खरं आहे आणि मला प्रिय आहे, पण ते पानाच्या तळाशी जाऊ द्या. गंगावेशला जाणारा माणूस केएमटी बसची पाटी बघतो, इंजिन नाही. पहिल्या पाच ओळींत एवढंच हवं: ब्राउझरमधून चालणाऱ्या वेबचॅटची लिंक (चॅनेलचं नाव लिंकमध्येच भरलेलं), टोपणनाव टाका, आत या, नमस्कार लिहा. सॉफ्टवेअर उतरवणं आणि नोंदणी, दोन्ही दुसऱ्या दिवशी.

इथे एक गोष्ट पानाच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. चॅनेलला +आर हा मोड लावला असेल तर नोंदणी नसलेल्याला आत येताच येत नाही. त्याला 477 क्रमांकाची एक इंग्रजी ओळ दिसते आणि तो खिडकी बंद करतो. स्पॅमचा त्रास सुरू नसेल तर हा मोड काढून टाका. अर्धं पान लिहायची गरजच उरणार नाही.

टोपणनावाची ओळ सविस्तर लिहा, कारण मराठी माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव देवनागरीत टाकून बघतोच. लिबेरावर ते चालत नाही. रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर अशी मोजकी चिन्हं चालतात, सुरुवात आकड्याने करता येत नाही, आणि लांबी 16 अक्षरांपर्यंत. ‘नाव वापरात आहे’ असं आलं (क्रमांक 433) तर शेवटी अंडरस्कोर लावून पुन्हा प्रयत्न करा, हेही तिथेच सांगा.

आता नोंदणी. (कमांड मी इथे उच्चारासाठी देवनागरीत लिहितेय; तुमच्या पानावर त्या रोमनमध्येच, प्रत्येक कमांड स्वतंत्र ओळीत हवी.) पहिली कमांड: /एमएसजी निकसर्व्ह रजिस्टर, पुढे पासवर्ड, पुढे ईमेल. निकसर्व्ह हा माणूस नसून नोंदणी सांभाळणारा प्रोग्राम आहे, हे आधी एका वाक्यात सांगा. मग ईमेलवर कोड येतो, तो ‘व्हेरिफाय रजिस्टर’ असं लिहून, टोपणनावासह निकसर्व्हला परत पाठवायचा. लिबेरावर हे एका दिवसात केलं नाही तर नोंदणी रद्द होते. ईमेल इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅममध्ये बघा, हे वाक्य ठळक करा.

माणसं अडतात ती मात्र पुढच्या तीन ठिकाणी, आणि बहुतेक मार्गदर्शिका त्यावर गप्प असतात.

पहिलं, टोकदार कंस (< >). तुम्ही पानावर कंसात ‘पासवर्ड’ लिहिता आणि तुम्हाला वाटतं की समोरच्याला कळेल. तो कंसासकट टाइप करतो. नोंदणी होतेही, कारण कंस हा पासवर्डचा भाग धरला जातो! दुसऱ्या दिवशी कंसाशिवाय लॉगिन करायला गेला की पासवर्ड चुकीचा. कंस काढा, पूर्ण भरलेलं एक खोटं उदाहरण द्या आणि खाली लिहा: यातले शेवटचे दोन शब्द तुमचे टाका.

दुसरं, कमांडच्या सुरुवातीची तिरकी रेघ (/). मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर त्या कळीवर ‘य’ उमटतो. फोनवर ती चिन्हांच्या पानात सापडते. ‘आधी कीबोर्ड इंग्रजी करा’ ही पायरी स्वतंत्र क्रमांक देऊन लिहा.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. रेघेच्या आधी एक जरी मोकळी जागा पडली तरी बहुतेक क्लायंटना (म्हणजे आयआरसीच्या ॲपना) ती ओळ कमांड वाटत नाही, साधं बोलणं वाटतं. म्हणजे पासवर्ड थेट चॅनेलमध्ये, सगळ्यांसमोर. पीडीएफमधून कॉपी केलं की अशी जागा बरेचदा सोबत येते. त्यावर उपाय म्हणजे नोंदणी चॅनेलच्या खिडकीत करायला सांगूच नका, नेटवर्कच्या नावाची जी पहिली खिडकी असते तिथे करायला सांगा. तिथे चुकलं तरी कुणाला दिसत नाही. आणि पासवर्ड फुटलाच तर काय, तेही लिहा. आयआरसीवर पाठवलेलं सगळ्यांच्या पडद्यावरून पुसता येत नाही, म्हणून ताबडतोब निकसर्व्हला ‘सेट पासवर्ड’ आणि नवा पासवर्ड. ईमेलचाच पासवर्ड इथे वापरू नका, हे तर हवंच.

मराठीत बोलणाऱ्या चॅनेलला आणखी एक परिच्छेद लागतो, जो इंग्रजी पानांत मिळणार नाही. आयआरसीचा एक संदेश 512 बाइटचा, त्यात तुमचं टोपणनाव, नेटवर्कवरचा पत्ता, चॅनेलचं नाव सगळं धरून. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘कोल्हापूर’ हा शब्द रोमनमध्ये 8 बाइट, देवनागरीत 27. म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे चिन्हांनंतर संदेश तुटतो. काही क्लायंट आपणहून दोन ओळी करतात, काही करत नाहीत, आणि मग शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. नवख्याला वाटतं फॉन्ट बिघडला. ‘लहान लहान वाक्यं पाठवा’ एवढं पुरे. एररच्या वीस ओळी एकदम पेस्ट केल्या तर सर्व्हर संदेशांचा पूर समजून बाहेर काढू शकतो. त्यासाठी एखाद्या पेस्ट-साइटची (जिथे लांब मजकूर टाकून फक्त त्याची लिंक पाठवता येते) लिंक देऊन ठेवा.

‘कुणी उत्तरच देत नाही’ ही तक्रार वेळेमुळे येते. तुमच्या चॅनेलवर रात्री कुणीतरी असेलच, पण मूळ प्रकल्पांच्या चॅनेलवर युरोप-अमेरिकेतली माणसं असतात. आपले सकाळचे 9 म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) 3:30, तेव्हा युरोप झोपलेला. संध्याकाळी 7 ते मध्यरात्र ही वेळ सोयीची. नमस्कार करून परवानगीची वाट बघू नका, प्रश्न थेट लिहा आणि खिडकी उघडी ठेवा. गेल्यानंतर आलेलं उत्तर साध्या वेबचॅटमध्ये परत दिसत नाही. फोनवर दुसरं ॲप उघडलं की जोडणी तुटू शकते, हेही इथेच.

शब्दांबद्दल माझं ठाम मत: चॅनेलला ‘वाहिनी’ आणि पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ करू नका. पडद्यावर जो शब्द आहे तोच पानावर. ‘टोपणनाव’ तेवढं छान बसतं, ते ठेवा. इंग्रजी एरर मात्र जशाच्या तशा छापा आणि खाली मराठीत अर्थ द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतील.

छापण्याआधी राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासमधली तीन-चार मुलं घ्या, ज्यांनी आयआरसी कधी पाहिलेलं नाही. एकाच्या हातात फक्त फोन द्या. शेजारी बसा, पण बोलू नका, बोट कुठे थांबतं ते कागदावर टिपा. ज्या ओळीवर दोघं थांबले ती ओळ पुन्हा लिहा. एकदा कॉलेजच्या वाय-फायवरूनही करून बघा. तिथे बरेचदा 6697 हा आयआरसीच्या सुरक्षित जोडणीचा पोर्ट बंद असतो, मग क्लायंट नुसता फिरत राहतो आणि वेबचॅट मात्र चालतं. असं निघालं तर ते पहिल्या पाच ओळींच्या लगेच खाली टाका.